मेंदीची कापलेली फांदी

तीर्थरूप माय,

बंगळुरूहून तुह्या पाया पडते. माह्यी तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होते, खोलीही हवेशीर भेटली. बाबाचा गुडघा कसा आहे? तेल लावून देते का कोणी?

मागच्या अंगणातल्या मेंदीत बुलबुलनं पुन्हा घरटं केलं, फोटो काढाले ये, असं तू फोनवर म्हटलं. तवापासून मले घास गोड लागून नाई राह्यला. तुह्याशी बोलताना तोंडातून निघालं नाई, म्हून लिहून राह्यली.

दोन वर्षांमागं तिथलीच पिलं गेली अन् आळ आपल्या बोक्यावर आला. बाबानं त्याले पोत्यात घालून शेगावच्या रस्त्याले सोडलं. तू तरी आठ दिवस त्याची दुधाची वाटी भरून ठेवत होती.

माय, बोक्यानं काहीच केलं नव्हतं. पानांआड पिलं साफ दिसत नव्हती, म्हून फोटोसाठी मीच समोरची फांदी कैचीनं कापली. अर्ध्या घंट्यात कावळ्यानं दोन्ही पिलं उचलली. मी खिडकीतून पाह्यलं अन् चूप बसली. तोच फोटो तू कौतुकानं देवघरापाशी लावला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात पाह्य, कापलेल्या फांदीचं पांढरं टोक दिसते.

बाबाले तूच सांगजो. माह्यानं होत नाई.

नागपंचमीले गल्लीतल्या पोरी मेंदीचा पाला तोडाले येतील. यंदा त्यायले झाडाले हात लावू देऊ नको. मी आली, तर मलेही नाई.

तुह्यी,
समीक्षा