दाढीच्या ब्रशाची माशी आणि माझी वही

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा नकली माश्या बांधणे, आज डोकं ठिकाणावर आणि हात स्थिर असताना हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काही काळजी करू नका." म्हणून लगेच लिहायला बसले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला दीर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा चहा पिऊन परत गेला.

नकली माशी म्हणजे काय, हे वकिलालाही सांगावं लागलं, तेव्हा इथेही लिहिते. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून नदीतल्या किड्यासारखं काहीतरी करायचं आणि पाण्यावर सोडायचं. मासा फसतो. माशाला फसवणं अवघड आहे. माणसाला फसवणं सोपं, ते दीर त्याच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात रोज करतो.

कलम १. घर आणि बँकेत असेल ते माझ्या मुलाचं. न्हाणीघरातला नळ गळतो, हे त्याला चार वर्षं सांगतेय. आता नळही त्याचाच.

कलम २. मोठी कात्री शर्टाच्या कारखान्याची आहे. तिथे सतरा वर्षं कॉलर शिवल्या आणि निघताना ती पिशवीत टाकून आणली. ती परत करावी. मुकादम विचारेल, इतकी वर्षं कुठे होती. सांगावं, कामात होती.

कलम ३. माश्या बांधायला शिकवणारी अकरा पुस्तकं. ही माझ्या नवऱ्याने आणली. त्याने जन्मात एक माशी बांधली नाही. पुस्तक आलं की कव्हर घालायचा, पहिल्या पानावर नाव लिहायचा आणि खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचा. "पायरी चौथी. दोरा ताणून धरावा." मी टेबलाला लावलेल्या शिकंज्याच्या पकडीत गळ आवळून समोर बसायचे. मला वाचायला वेळ लागायचा, त्याला हात हलवायचा कंटाळा, म्हणून आमचं जमलं.

पहिल्या वीस माश्या मी चित्राबरहुकूम केल्या. पिसं झकास बसली. मग वर व्हार्निश लावलं, तेही झकास. नवऱ्याने एक उजेडात धरली आणि म्हणाला, "अगं, देखणी आहे, पण दोरी ओवू कुठून?" गळाचं भोकच मी लिंपून टाकलं होतं. पुढे जागा सोडावी, हे पुस्तकात होतं, पण पान उलटल्यावर. आणि ह्या माणसाने पान उलटण्याआधी झोप काढली होती.

सहा वर्षांपूर्वी तो गेला. पुस्तकं उरली. मग मी ओळीखाली बोट धरून एकटीच वाचू लागले. एका पायरीला अर्धा तास जायचा. अकराही पुस्तकं वाचली, काही दोनदा. पुस्तकं सुनेची. कव्हरं काढू नयेत.

कलम ४. आता वही. खरं तर हे सगळं मी हिच्यासाठीच लिहितेय.

पुस्तकवाले असली पिसं सांगतात, जणू प्रत्येकाच्या अंगणात परदेशी पक्षी फिरतात. मला जे मिळालं ते लावलं. झाडूच्या काड्या, उशीतली पिसं, जुन्या स्वेटरची लोकर. कशाऐवजी काय चाललं, ते सगळं वहीत आहे. दिराच्या दुकानात सगळ्यात जास्त खपते ती करडी माशी माझी आहे. पाकिटावर मात्र "आमच्या संशोधनातून" असं छापलंय. संशोधन कसलं, तर ती कशाची बनते हेच त्याला माहीत नाही. मांजराच्या केसांपासून सगळं करून पाहिलं त्याने.

तर लिहून ठेवते. त्याच्या घराला रंग देत होते तेव्हा तो महिनाभर आमच्याकडे होता. पुस्तकात कुठल्याशा बिळात राहणाऱ्या जनावराचे केस सांगितले होते, आणि तसलेच त्याच्या दाढीच्या ब्रशात होते. मी रोज एक झुपका काढायचे. तो म्हणायचा, "वहिनी, हल्ली फेसच होत नाही." मी म्हणायचे, "इथलं पाणी जड आहे, भावजी." ब्रश टकला झाल्यावर त्यानेच कचऱ्यात टाकला. मी उचलला. उरलेले केस वहीसोबतच्या डबीत आहेत.

गेल्या आठवड्यात तो कागद घेऊन आला. "वहिनी, फक्त इथे सही करा. वाचत बसू नका, उगाच डोळ्यांना त्रास." मी बोट धरून वाचलं. त्याचे दोन कप चहा झाले, तिसरा मी दिला नाही. कागदात होतं की वही त्याने तोंडी सांगितली आणि मी फक्त उतरवून घेतली. मी विचारलं, "भावजी, पान बारावर करडी माशी आहे, तिचे केस कशाचे, सांगा." तो म्हणाला, "आता आठवत नाही." कागद मी ठेवून घेतला. इथे जोडला आहे.

वही आणि डबी सुनेची. तिचं माझं फार गोडीचं नाही. ती भाजी जाड चिरते आणि मला "जरा हळू बोला" म्हणते. पण एवढ्या वर्षांत टेबलाशी बसून "हेच केस का? दुसरे का नाही?" असं विचारणारी ती एकटीच. वही तिने छापावी, विकावी, नाहीतर जाळावी. दिराला दाखवू नये.

कलम ५. वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी विचार केला, चौथं कलम वाचताना दिराचं तोंड कसं होईल, ते बघायला मी नसले तर एवढं लिहिण्यात काय अर्थ? म्हणून रविवारी सकाळी त्याला बोलावलंय. मुलगा आणि सून असतील. मी स्वतः वाचून दाखवेन. वेळ लागेल. त्याने बसावं.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरची नर्स, वाचून सही केली.
साक्षीदार: कोपऱ्यावरचा चावीवाला, न वाचता सही करत होता, खाली बसवून वाचायला लावलं, मग केली.

सही: माझी, पूर्ण नावाने.
स्थळ: खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: ऑपरेशनआधीचा शुक्रवार, दुपारी.