चौथा आणि पाचवा थर

११ फेब्रुवारी

काल रजा. घाटनांदूरला, घरी. पाहुणे बघायला आले होते. मुलाच्या आत्याने विचारलं, "दिवसभर उन्हात उभं ऱ्हावं लागतं का गं?" म्हटलं, हो, आणि बसायला खुर्चीपण नसते. अप्पांनी चहाच्या कपात तोंड लपवलं. आई आत भांडी आदळायला लागली, म्हणजे उत्तर तिच्यापर्यंत पोचलं.

आज पहिल्या एस.टी.ने परत. कामाच्या गावी, नांदूरघाटच्या भाड्याच्या खोलीवर बॅग टाकली आणि थेट घाटात, साइटवर. बळीराम मिस्त्रीने रजिस्टर पुढं केलं. भिंतीचे थर ४ आणि ५. एका दिवसात दोन्ही! वर मुरूम पसरलेला, रोलर फिरलेला, अंगणासारखं सपाट. "तुमी नव्हता म्हनून काम थांबवायचं व्हय मॅडम?"

थर तपासल्याच्या सह्या केल्या. दोन्ही. डोक्यात अजून ती आत्याच होती.

१३ फेब्रुवारी

सकाळी आईचा फोन. "तू नेमकं बांधायलीस काय? पाहुण्यांना नीट सांगता आलं न्हाई मला." सांगितलं तिला, परत एकदा. घाटातला रस्ता रुंद करायचाय, म्हणून दरीच्या अंगाला भिंत. सहा मीटर उंच. समोर काँक्रीटचे ठोकळे एकावर एक, मध्ये सिमेंट नाही. मागं मुरमाचा भराव. दर थराला भरावात एक जाळी, पॉलिएस्टरच्या धाग्याची, ठोकळ्यांच्या फटीत एक टोक धरून मागं डोंगराकडं अंथरलेली. मुरूम जाळीला धरतो, जाळी ठोकळ्यांना धरते. ठोकळे फक्त तोंड.

"म्हंजे जाळीवरच सगळं?" आई म्हणाली. दोन मिनिटांत कळलं तिला. कॉलेजात आम्हाला एक सेमिस्टर लागलं होतं.

फोन ठेवला आणि बघते तर सहाव्या थरावर बळीरामची माणसं जाळीचं भेंडोळं भिंतीच्या कडेकडेनं लांबच लांब उलगडत होती. लग्नाच्या मांडवात सतरंजी अंथरतात तशी.

ओरडलेच. घसा बसला.

या जाळीत लांबीचा धागा जाड असतो, आडवा बारीक. सगळा ताण भिंतीकडून डोंगराकडं. म्हणून भेंडोळ्यातून तुकडे कापायचे आणि जाड धागा डोंगराकडं जाईल असे टाकायचे. यांनी जाड धागा भिंतीबरोबर पळवला. त्याला तिथं काही कामच नाही. सगळा भार आता बारीक धाग्यावर.

बळीराम म्हणाला, "धड जाळी कावून कापायची मॅडम? अख्खी ऱ्हायली तर जास्त मजबूत. आन येळ वाचतो."

"चौथा, पाचवा?"

"तसाच."

"पहिले तीन तर बरोबर टाकले होते तुम्ही!"

"तवा तुमी उभ्या होत्या."

१४ फेब्रुवारी

सहावा काढायला लावला. त्याला अजून मुरूम पडला नव्हता, सुटलो.

बळीराम फुगला होता. पंचवीस वर्षं त्याने भिंती बांधल्या, सगळ्या दगडाच्या, एकही पडली नाही, आणि ही कालची पोरगी. मग मी जाळीच्या दोन पट्ट्या कापल्या, सारख्याच रुंदीच्या. एक लांबीत, एक आडवी. दोन्ही जे.सी.बी.च्या बकेटला बांधल्या आणि खाली तारेनं ठोकळे अडकवायला लावले. लांबीच्या पट्टीला सात ठोकळे, हलली पण नाही. आडवी तिसऱ्या ठोकळ्यालाच फाटली, आवाज करून.

बळीरामने फाटलेलं टोक उचललं, बोटाने धागे विंचरले.

"हे मला आधी सांगितलं कावून न्हाई?"

सांगितलं होतं की! पहिल्याच दिवशी, "असं टाका" म्हणून. का टाका ते सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला कशाला एवढं, असं वाटलं असणार मला. शहाणी.

१६ फेब्रुवारी

आमच्या ठेकेदार कंपनीचे मॅनेजर साहेब आले. (यापुढं नुसतं 'मॅ.सा.', एवढा मान रोज लिहायचा कंटाळा येतो.) सगळं सांगितलं. दोन थर उकरून परत टाकावे लागतील म्हटलं.

शांतपणे ऐकलं त्यांनी. मग, "एकूण थर किती? बारा ना. दहा तर बरोबरच होतील. दोनानं काय होतंय?"

म्हटलं, शिडीच्या बारा पायऱ्यांतल्या दोन मोडक्या असल्या तर तुम्ही चढाल का? तेही खालच्या अर्ध्यातल्या, जिथं भार जास्त?

हसले. रजिस्टर उघडलं, पान माझ्याकडं फिरवलं. "सही कुणाची आहे ही?"

राग त्यांचा आला नाही. तेवढं एक ते खरंच बोलत होते. माझा आला. इतका की जेवणाचा डबा तसाच परत नेला.

१८ फेब्रुवारी

काम बंद नाही, सहावा थर बरोबर टाकून झाला. मी उभी होते. सही केली नाही. "खाली चूक आहे तोवर वर सही नाही." मॅ.सा. फोनवर म्हणाले, तुमची मर्जी, थर काय तुमच्या सहीची वाट बघत नाहीत.

दुपारी भिंतीच्या पायथ्याला उतरले. तिथं भामाबाईंचं घर आहे, पत्र्याच्या दोन खोल्या, आणि पुढं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा. माणसं कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी चारायला गेलीत. घरी भामाबाई, सून, आणि नुकतीच व्यालेली पाच-सहा मेंढरं. माझी भिंत वरून बघितली तर भिंत दिसते. खालून बघितली तर आभाळ अर्धं जातं. हे मी चार महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं.

जाळीचा तुकडा खिशात होता. बाईंनी हातात घेतला, चोळला, दोन्हीकडून ओढला.

"ह्यो उभा धागा हाय, त्यो आडवा. उभ्याला पीळ लई दिलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आगं, आमची सासू लोकरीचं सूत काढायची. घोंगडी इणाया सांगराकडं द्यायची. उभ्याचं सूत येगळं, आडव्याचं येगळं. आडव्याच्या सुतानं उभं मांडलं तर घोंगडं मागावरच तुटतं. ल्हान लेकराला ठावं हाय."

सांगून टाकलं. तुमच्या घराच्या वर दोन थर उलटे पडलेत, आणि ते बघायच्या आधी मी सही केली. पावसात मुरूम भिजला, जड झाला की पोट काढेल भिंत. लगेच नाही. कदाचित या पावसात नाही.

जाळीचा तुकडा माझ्या हातात परत ठेवला. नजर चुकवावी वाटली, चुकवली नाही.

"केलीस कावून सही?"

"चुकलं."

"मंग पूस."

"सही पुसता येत नाही, मावशी. कागदावर खाडाखोड चालत नाही."

"मंग वर लिव्ह!" एकदम तडकल्या. "आमी आंगठा देतो. दिला की गेला, त्येच्यावर काय लिवावं आमाला येत न्हाई. ही वरची, रस्त्यातली जागा आशीच गेली आमची, सासऱ्यानं दिलेला येक आंगठा. तुला तर लिवाया येतंय का न्हाई?"

मेंढरांना पाला टाकायला उठून गेल्या. चहा विचारला नाही. बरोबर केलं.

२० फेब्रुवारी

सल्लागार कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरांना पत्र पाठवलं. तेच सरकारतर्फे काम तपासतात. तीन ओळींचं. थर ४ व ५ मध्ये जाळी चुकीच्या दिशेने आहे. मी प्रत्यक्ष न पाहता सही केली. थर उघडून तपासावेत.

मधली ओळ लिहायला अर्धा तास लागला. "कामाच्या गडबडीत" असं लिहून बघितलं, खोडलं. "प्रकृती ठीक नसल्याने", खोडलं. शेवटी नुसतंच राहिलं.

२१ फेब्रुवारी

मॅ.सा. पोचले वाटतं पत्रापर्यंत. मला साइटवरून काढून स्टोअरला बसवलं. सिमेंटच्या गोण्या मोजा, आवक-जावक लिहा. ठीक. गोण्या तरी खोटं बोलत नाहीत.

आईचा फोन. पाहुण्यांचा होकार आलाय! मुलगी पसंत. एकच अट, नोकरी सोडायची. आई बोलताना आनंदाने रडतेय की काय ते कळेना.

तासाभरात अप्पांचा. दुकानातून बोलत होते, मागं गिऱ्हाईक. तुमच्या कंपनीतून कुणाचा तरी फोन आलता म्हणाले. मुलगी हट्टी आहे, तिला घरी बोलावून घ्या, तिच्याच भल्याचं आहे, असं सांगत होता. "काय भानगड हाय गं?"

सांगितली. अप्पांनी आधी गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले. मग म्हणाले, "लग्नाचं जमत आलंय. जरा दमानं घे." मला वाटलं होतं पाठीशी उभे राहतील. नाही राहिले. दुखलं. त्यांचं पण काय चूक, तिकडं बसून त्यांना भिंत थोडीच दिसतेय.

एकूण हिशेब असा की मॅनेजरला माझी नोकरी सुटायला हवीय, आत्याला हवीय, आता अप्पांनाही हवीय. इतक्या लोकांचं एकमत माझ्या बाबतीत आजवर कधी झालं नव्हतं. म्हणूनच सोडणार नाही. आईला कळवलं, होकार परत करा. भांडी आदळल्याचा आवाज फोनवर पण येतो.

२४ फेब्रुवारी

सल्लागारांचे साहेब आले. पांढरे केस, बोलणं कमी. मला स्टोअरमधून बोलावलं. मॅ.सा. शेजारी उभे, हातात छत्री, साहेबांच्या डोक्यावर धरलेली.

साहेबांनी बळीरामला विचारलं, "मिस्त्री, चौथ्या-पाचव्याला जाळी कशी टाकली?"

बळीराम खाली बघत म्हणाला, "सायबानं सांगितल्यावानी."

"कुठल्या साहेबांनी?"

"ड्रॉइंगमंदी हाय तशी."

माझ्या पायाखालचा मुरूम सरकला. पट्टी फाटली तेव्हा हाच माणूस धागे विंचरत बसला होता!

साहेब मला म्हणाले, "पत्र वाचलं तुमचं. पण रजिस्टरला नोंद ओके आहे. सही तुमचीच. मिस्त्री म्हणतो बरोबर आहे. एका पत्रावर मी दोन थर उकरायला कसे सांगू? नोंद तर स्वच्छ आहे." वाईट माणूस वाटला नाही. कागद बघणारा माणूस. मी तरी ११ तारखेला दुसरं काय केलं होतं?

उद्या सकाळपर्यंत थांबणार आहेत, बीडला मुक्काम. सकाळी परत साइटवर येऊन मग अहवाल देणार. मॅ.सा. जाता जाता म्हणाले, रजिस्टर उद्या नऊला माझ्या टेबलावर पाहिजे, तुमचा चार्ज संपला.

२५ फेब्रुवारी

सात वाजता साइट ऑफिसला. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडंच, रजिस्टर काढलं. थर ४ चं पान. माझी सही, ऐटबाज, शेपटी ओढलेली. खाडाखोड केली नाही. सहीच्या वर, आडवं, लाल पेनाने लिहिलं: ही सही न बघता केली आहे. जाळी उलट आहे. मी ही मंजुरी मागे घेत आहे. पूर्ण नाव, तारीख. थर ५ ला पण तसंच. अक्षर चांगलं आलं.

दारात बळीराम. कधीपासून उभा होता कोण जाणे. काल तो तसं का बोलला ते मी विचारणार नव्हते. तोच बोलला. "मॅ.सा.नं सांगितलं, तुमची बाजू घेतली तर पुढल्या कामावर घेनार न्हाई." (मॅनेजर साहेब म्हणाला तो, मॅ.सा. फक्त माझ्या वहीत.) "माजी माणसं सोळा हायेत मॅडम. घेऊन कुटं जाऊ?"

मी टेबलाजवळून बाजूला झाले.

टेबलाशी आला. पान वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग पेन मागितलं. माझ्या ओळीखाली, दगडावर टाकी चालवल्यासारखं एकेक अक्षर दाबून लिहिलं: जाळी मीच टाकली. लांबीनं. बळीराम. खाली तारीख. दुसऱ्या पानावर पण.

"पंचवीस वर्सांत येक बी पडली न्हाई," म्हणाला. पेन परत दिलं आणि माणसांना आवाज द्यायला गेला.

आठ चाळीस. खाली भामाबाई मेंढरं हाकताना दिसतायत, भिंतीच्या सावलीतूनच. घाटाच्या वळणावर दोन गाड्या दिसल्या, एक मॅनेजरची, एक पांढरी, सल्लागारांच्या साहेबांची. कोण आधी पोचेल सांगता येत नाही. रजिस्टर टेबलावर उघडं ठेवलंय, त्याच पानावर, आणि वाऱ्याने उलटू नये म्हणून वर ठोकळ्याचा तुकडा. मी दारात उभी आहे.