लाल दोऱ्याचा टाका

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ती. ताईस,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तरी पत्र फाडू नकोस. बावीस वर्षांनी लिहितेय. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? माझं म्हणशील तर ठणठणीत आहे. सुईत दोरा ओवताना जीभ तेवढी बाहेर येते, अगदी आपल्या आईसारखी.

इथं नाचाच्या तालमीला येणारी तुझी लेक मजेत आहे. 'आईनं सांगितलंय, मावशीशी कामापुरतंच बोल,' असं पहिल्याच दिवशी हसत म्हणाली आणि मग तासभर बडबडली. तुझ्यावरच गेलीय.

नाट्यगृहात जुन्या फॅशनचं प्रदर्शन भरतंय. कपडेपटातले बॅलेचे सगळे ट्यूटू, नाचाचे ते घेरदार झगे, मी बाहेर काढलेत. एका टोकाला पोटरीपर्यंतचे मलमलीचे घोळदार झगे, मग पायांचं काम दिसावं म्हणून आखूड होत गेलेले, आणि शेवटी कमरेतून ताटासारखे आडवे पसरणारे जाळीचे. समोर बायकांचे जुने पार्टीचे फ्रॉक. तुझं म्हणणं खरं होतं गं, फ्रॉक उलटा केला की आत तीच जाळी, तेच थर. नाचणाऱ्या पोरींना नावं ठेवायची आणि शिंप्याकडे गुपचूप तसाच घेर मागायचा! शुक्रवारी उद्घाटनाला तुझी लेक सगळ्यात जुना झगा घालून पाच मिनिटं नाचणार आहे. आयोजकांची हौस अशी की, स्टेजच्या कडेला पूर्वीसारखे खरे तेलाचे दिवे हवेत.

इथवर वाचून तू खुर्चीतून उठली असशील. बस. मी झगे बुडवलेत. तू शिकवलंस तसेच, तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात, न पिळता वाळवून, म्हणजे कापड पेट घेत नाही. आणि जिनं बुडवला तिनं कमरपट्टीच्या आत आपल्या रंगाचा टाका घालायचा, ही तुझी शिस्तही मी मोडली नाही. तुझा लाल, माझा निळा. तू इथलं काम सोडून गेल्यावर लाल दोऱ्याची रिळं मी फेकून दिली. तेव्हापासून कपडेपटात लाल दोरा नाही.

गेल्या सोमवारी सात झगे बुडवले, सात निळे टाके घातले. मंगळवारी सकाळी बघते तर सगळ्यात जुन्या झग्याच्या पट्टीत लाल टाका! अगदी तुझ्यासारखा तिरपा, शेवटी दुहेरी गाठ. मी उसवला. बुधवारी परत होता. तेव्हा घेराच्या आतल्या बाजूची बोटभर चिंधी कापून तिला काडी लावली. बुडवलेलं कापड काळं पडून विझतं. हे भुर्रकन जळून गेलं. म्हणजे कोणीतरी झगा साध्या पाण्यातून धुऊन काढला होता. आणि कपडेपटाची किल्ली माझ्या एकटीकडे असते. मी पुन्हा बुडवला. शनिवारी पुन्हा तेच. बाकीचे सहा ठीक, हा एकच.

शेजारच्या खोलीतल्या विगवाल्या दादांना सांगितलं, तर म्हणाले, 'बाई, तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या.' मीही हसण्यावारी नेलं.

काल दुपारी तुझी लेक माप द्यायला आली. झगा अंगाला लावून आरशात बघत म्हणाली, 'मावशी, हा नको ना बुडवूस. भिजला की त्याचा जीव जातो.' माझ्या हातातल्या टाचण्या सांडल्या. हे शब्द आपल्या धाकट्या चिमीचे, ताई. जसेच्या तसे.

'कोणी सांगितलं तुला हे?'

'कोणी म्हणजे? तूच की! गेल्या शुक्रवारी इथंच टाका घालत बसली होतीस. मान वर न करता, लाडात येऊन म्हणालीस, एवढा एकच नको बुडवूया, ताईला कळणार नाही. ताई म्हणजे आई ना गं?'

मला यातलं काहीही आठवत नाही. मी एप्रन चाचपला. आतल्या बाजूला सुई टोचलेली होती, लाल दोरा ओवलेली.

आता जे गिळून बसलेय ते सांगते. बावीस वर्षांपूर्वी, त्या दिवशी, चिमी अशीच माझ्या गळ्यात पडली होती. बुडवलेला झगा जड होतो, उडी अडते, माझा एकटीचा सोड, म्हणाली. धाकटी ना ती, मी विरघळले. निळा टाका घातला असता तर तू तपासलं असतंस, माझं काम तू नेहमी तपासायचीस. स्वतःचं कधीच नाही. म्हणून मी तुझा लाल टाका घातला. तिसऱ्या उडीला घेर कडेच्या दिव्यावर गेला. उरली ती कमरपट्टी आणि त्यात तो टाका. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू बारा झगे बुडवले होतेस, तुलाच वाटलं, एखादा राहिला असेल. 'माझ्या हातून गेली पोर,' म्हणून तू टाहो फोडलास आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. एक शब्द बोलले नाही. पुढच्या महिन्यात तुझी जागा मला मिळाली, तीही घेतली. मला माझी शिसारी येते.

काल तुझ्या लेकीला म्हटलं, नाचू नकोस. ती हसली. आयोजकांना म्हटलं, दिवे नकोत. ते म्हणाले, बघू. मग कपडेपटाची किल्ली विगवाल्या दादांकडे दिली आणि बजावलं की, मी मागितली तरी देऊ नका. आज सकाळी ते माझ्याकडे बघेनात. म्हणाले, 'बाई, काल घरी जाण्याआधी तुम्ही दोनदा किल्ली मागायला आलात. एवढ्या गोड आवाजात तुम्ही कधी बोलत नाही.'

फोनवर हे बोलायची हिंमत नाही, म्हणून कुरिअरनं पाठवतेय. उद्या मिळेल. मिळताच नीघ. तुझ्या लेकीला तू स्वतः सांग, ती तुझं ऐकेल. तरीही हट्टाला पेटली तर झगा तुझ्या हातानं बुडव, आणि शुक्रवारचा नाच होईपर्यंत त्याच्या शेजारून हलू नकोस. मला आत घेऊ नकोस. मी रडले, पाया पडले, कितीही लाडात आले, तरी दार उघडू नकोस.

निदान हे लिहिताना तरी मीच असलेली,
तुझी मधली