घोडे बंद होते त्या दिवशी

प्रिय ताई,

बापाने लेकीला ताई म्हणायचं, हे आपल्याच घरात चालतं. गुंड्या बोलायला लागला तोच मुळी 'ताई' म्हणत, आणि मग आईची नि माझीही तू ताईच झालीस. पत्र बघून दचकू नकोस. इथे पुलाच्या कामावर सगळं ठीक आहे. जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या केबिनमध्येच बसून लिहितोय. फोनवर मला 'जेवलीस का' याच्यापुढे काही सुचत नाही, हे तुला माहीतच आहे.

आपली सहल काही डोक्यातून जात नाही. तू थीम पार्कचं नाव काढलंस तेव्हा मी हात झटकले होते. मिक्सर लागला की कान दाबून पलंगाखाली शिरणारा आपला गुंड्या, त्याला भोंग्यांच्या नि गर्दीच्या जागी न्यायचं? डॉक्टरांनी ऑटिझमचं सांगितल्यापासून आपण साध्या बागेतसुद्धा जीव मुठीत धरून जातो. पण तू इरेला पेटलीस. गर्दी कमी कधी असते, शांत बसायला जागा कुठे आहे, सगळं पार्कवाल्यांना फोन करून विचारलंस. तिथल्या मेरी-गो-राउंडचा व्हिडिओ त्याला आधी आवाज बंद करून दाखवलास, मग रोज आवाज थोडा थोडा वाढवत नेलास. सुट्टीवर घरी आलो तर पॅसेजमध्ये खुर्च्यांची रांग, आई दारात तिकीट मागतेय आणि गुंड्या कानाला मोठे हेडफोन लावून साहेबासारखा गंभीर उभा! मला हसू फुटलं, तर तू डोळे वटारलेस. "बाबा, रांगेत हसायचं नाही. तो सगळं तसंच लक्षात ठेवतो."

आणि एवढं करून तिथे पोचलो, तर मेरी-गो-राउंड बंद. दुरुस्तीचं काम चालू. गुंड्याला घोडे दिसत होते आणि ते फिरत नव्हते. त्याने भर रस्त्यात अंग टाकलं, किंचाळायला लागला, स्वतःच्या डोक्यात मारून घ्यायला लागला. लोक थबकून बघत होते. एक बाई तर म्हणाल्याच, "पोराला जरा वळण लावा." माझे कान तापले. त्याला काखोटीला मारून गाडी गाठावी एवढंच मला सुचत होतं. तू माझा हात धरलास. "उचलू नका बाबा. तो घाबरलाय. खाली बसा." आपण तिघं त्याच्याभोवती फतकल मारून बसलो. त्याच्या डोक्याखाली तू आपली ओढणी सरकवलीस आणि त्या बाईंना, आवाज जराही न चढवता, म्हणालीस, "तो वळणाचाच आहे हो. आत्ता त्याला त्रास होतोय." मला एवढं कधी जमलं नसतं.

तो शांत झाला तेव्हा मेकॅनिकने चक्राखालची फळी उघडली होती. आतली दातेरी चाकं बघून गुंड्या जो कठड्याला चिकटला, तो हलेचना. बाकीचं पार्क पडलं बाजूला! मी कुरकुरलो, तर तू म्हणालीस, "सहल त्याची आहे ना? मग त्याला जे बघायचंय ते बघू दे." मेकॅनिकलाही कौतुक वाटलं. त्याने मोठं चाक हाताने सावकाश फिरवून दाखवलं, आणि गुंड्या हसला. आवाज न करता, सगळे दात दाखवत. आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

दुपारी मी तुला आणि आईला रोलर कोस्टरवर जबरदस्तीने पिटाळलं. तेवढ्यात स्वच्छतागृहात हात वाळवायचं मशीन घुरघुरलं आणि गुंड्या पुन्हा कोसळला. या वेळी मी एकटा होतो. तुला करताना बघितलं होतं, तसंच केलं. ओल्या फरशीवर बसलो, बोललो नाही, वाट बघितली. शांत झाला गं तो, माझ्याजवळ शांत झाला. तू विस्कटलेल्या केसांनी धावत परत आलीस. कसं वाटलं, हे मी विचारायच्या आतच, "गुंड्या बरा आहे ना?"

तेव्हापासून तो प्रश्न मला टोचतोय. काल आईचा फोन आला. तुझी पोहण्याच्या प्रशिक्षण शाळेत निवड झाली, आणि तिथे हॉस्टेलवर राहावं लागतं म्हणून तू प्रशिक्षक बाईंना परस्पर नाही म्हणून आलीस. आम्हाला कळूही दिलं नाहीस, आईला ते बाईंकडूनच कळलं. आज सकाळी मी बाईंशी बोललो. तुझी जागा त्यांनी अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. आणि घराजवळच्या वर्कशॉपमध्ये मी बदली मागितली होती, ती मिळाली. पुढच्या महिन्यापासून रोज संध्याकाळी मी घरी असेन. गुंड्या रडेल, तुला शोधेल, आम्ही चुकू, पुन्हा शिकू. ते काम आई-बापाचं आहे. तुला पोहायचंच नसेल तर खुशाल नाही म्हण, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण भावासाठी नाही म्हणत असशील, तर ते मी ऐकणार नाही. रविवारी घरी येतोय. बाईंना काय सांगायचं ते तेव्हा मला सांग, आणि एकदा तरी फक्त स्वतःचा विचार करून सांग.

तुझाच,
बाबा