माझी मूठ कुठाय?

जामसर, आश्विन वद्य अमावास्या, शके १८३४

वडील मेहुणे ढवळूदादा यांस, जामसरच्या शाळेतून सावळा मास्तराचा दोन्ही हात जोडून रामराम. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि भाताची कापणी कशी आहे ते कळवावे. (पत्र वाचून दाखवणाऱ्या गृहस्थांना विनंती, कंसातला मजकूर मोठ्याने वाचू नये.) इकडे सर्व खुशाल. म्हणजे तुमची बहीण रखमी खुशाल, तुम्ही धाडलेले पिल्लू तिच्याहून खुशाल, आणि मी जेवूनखाऊन आहे.

आषाढात तुम्ही ते साखरशेतहून टोपलीत घालून पाठवलेत. आई तुमच्या अंगणातली काळी, आणि बाप जव्हारला शिकारीला आलेल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाचा कुत्रा, असे कळवले होतेत. खरे असावे. एक कान विलायती, लोंबतो. दुसरा आपल्याकडचा, उभा. खाणे साहेबाचे, आणि राखणीचे म्हणाल तर कोंबडीला भिते. मी म्हटले, चाळीस पोरांना बाराखडी शिकवली, ह्याला बसायला शिकवणे काय मोठे? वेळापत्रक केले. सकाळी बसणे, दुपारी हाकेला येणे, संध्याकाळी परक्यावर भुंकणे. पण रखमीने नाव काय ठेवावे? राजा! आता दादा, तुम्हीच सांगा, संस्थानचा पगार खाणाऱ्या मास्तराने भर रस्त्यात 'राजा, गप बस' असे ओरडायचे कसे? नेमका तेव्हाच दरबारचा शिपाई वाटेने गेला म्हणजे? म्हणून मी नुसतेच 'ए, इकडे' म्हणतो, आणि ते माझ्याकडे बघून जांभई देते. (शाळेतली पोरेही देतात, पण निदान तोंडावर हात ठेवून.) एकदा धीर करून 'राजेसाहेब, बसावे' असेही म्हणून पाहिले. उठून निघून गेले.

तिने मात्र चुलीपुढून नुसती मान वळवली की हे बसलेच! नाचणीच्या भाकरीचा मऊ मधला भाग त्याला, कडा मला. खेकड्याची मोठी नांगी त्याला फोडून, मला पातळ रस्सा. आणि दुपारभर त्याच्याशी बोलणे. तुम्ही लहानपणी आंब्यावरून पडलात, तिने तुम्हाला हाताला धरून घरी आणले, आईने तिलाच बदडले, सगळे त्याला सांगून झाले. नऊ वर्षे संसार केला, मला ह्यातले अक्षर ठाऊक नव्हते. दाराआड उभे राहून ऐकावे लागले. स्पष्टच लिहितो दादा, मी कुत्र्यावर जळतो. लाज वाटते, पण जळतो.

वाघबारशीला तर कहरच झाला. आमच्या पाड्याची रीत तुम्हाला माहीत आहे. घरधनीण वाघदेवापुढे घरातल्या एकेका जिवाचे नाव घेऊन तांदळाची मूठ ठेवते, की देवा, ह्याला सांभाळ. मी मागे उभा राहून बोटे मोजत होतो. आमची पोरगी ठकी झाली, दोन बैल झाले, गाय झाली, चारी शेळ्या नावानिशी झाल्या. मग 'राजा'. आणि त्यानंतर तिने दोन्ही हातांची ओंजळ भरून एक मोठी थोरली ढिगली घातली, तोंडाने काही न बोलता, आणि डोके टेकवून उठली. म्हणजे राजाला पुन्हा वाढले! आणि मला? मला वाघाने खुशाल न्यावे? वाटेत विचारले, माझी मूठ कुठाय? तर म्हणते, 'एवढा शिकला, तरी समजं ना?' आणि पदर तोंडाला लावून हसत पुढे गेली. तिच्यामागे पिल्लू, पिल्लामागे मी. तेव्हापासून तीन दिवस मी तिच्याशी बोललेलो नाही. (तिच्या ते लक्षात आले नसावे.)

वहिनींना नमस्कार, पोरांच्या डोक्यावरून हात. काळीला ह्यातले काही सांगू नये.

तुमचा,
सावळा

ता. क. खरे काम असे की, भाऊबीजेला याल तेव्हा टोपली घेऊन यावे आणि पिल्लू परत न्यावे. कारण म्हणून तुम्ही तुमचेच काहीतरी सांगावे, माझे नाव नको.

दुसरा ता. क. तुम्हाला जाणारे पत्र रखमीला वाचून दाखवायची सवय, त्या भरात वरचे सगळे तिच्यापुढे वाचून गेलो. आधी हसली. वाघबारस आली तशी कपाळावर हात मारून म्हणाली, 'अवो, नवऱ्याचा नाव बायको घेते काय? नाव न घेता एवढी मोठी ढिगली घातली, ती कोनाची? कुत्र्याची?' मी खरे तेच सांगितले, की हो, मला तसेच वाटले. त्यावर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत जी काही हसली, आणि हसता हसता माझा हात धरून बसली, तसे त्या पिल्लाच्या वाट्याला अजून आलेले नाही. टोपली आणू नये.