गोल कानस, चौकोनी कानस

आई, आज सकाळपासून सहा चेनींना धार लावली. तुळजापूरच्या माझ्या दुकानात झाडं कापायच्या मशिनींची नुसती रांग असते. दाता न् दाता कानशीनं घासताना तुझा आवाज कानात असतोच: "हात हलका ठिव. दाता हाय त्यो, भांडं न्हाय घासायचं." माकणीला आपल्या घरी भाकरी झाल्या की तू चुलीपुढंच बसायचीस, मशीन मांडीशी, हातात गोल कानस. झाडं बाबा कापायचे, धार मात्र तुझी. आपल्याकडची बाभूळ चिवट, सालीत धूळ नि वाळू ठासून भरलेली. गोल कानशीनं दात्याला जो बाक येतो तो या धुळीत टिकतो, एवढं तुझं शास्त्र. आणि धारेची परीक्षा भुशावर: ढलप्या उडाल्या तर धार, पीठ पडलं तर बोथट.

मी सोलापूरला मशीनदुरुस्ती शिकून आले ती चौकोनी कानस घेऊनच. शिंगं फुटली होती मला. चौकोनीनं दात्याला सरळ, टोकदार कोपरा येतो, काम निम्म्या वेळात होतं, असं तुला ऐकवलं. तू शांतपणे म्हणालीस, "आसंल. पण आपल्या बाभळीला इचारलंस का?" वर अट घातलीस. रविवारी बाबा बांधावरची वाळलेली बाभूळ कापणार होते. माझी चेन तुझ्या चेनीबरोबर टिकली, तर घरच्या चेनी माझ्या हवाली. नाही तर मी पुन्हा हात लावायचा नाही. आधी एकदा माझा हात जड पडून एका बाजूचे दाते आखूड झाले होते आणि बाबांची मशीन लाकडात तिरपी पळाली होती, ते तू विसरली नव्हतीस. मला मात्र त्या चेनी हव्याच होत्या. सगळं गाव धारेसाठी तुझ्याकडं यायचं, मला कुत्रंही विचारत नव्हतं.

शनिवारी मी गुपचूप करून पाहिलं. सोललेल्या, स्वच्छ कडुलिंबाच्या ओंडक्यात माझी चौकोनी धार खरंच तुझ्या धारेपेक्षा भरभर गेली. मी हुरळले. मग बाभळीला लावली, तर पाचव्या कापालाच पीठ पडायला लागलं. पुन्हा धार लावायला बसले तर कानशीचा कोपरा दात्याच्या आतल्या कोपऱ्यात बसेना. केसभर सरकला की दाता वाया. ती चेन मी पार घालवली. रविवारी सकाळी तू दळण आणायला गिरणीत गेलीस, आणि मी दुसरी चेन काढून तिला तुझीच गोल कानस मारली. प्रत्येक दात्याला मोजून तीन हात, दोन्ही बाजूंना सारखे.

बाबांनी दोन्ही चेनी आलटून पालटून चालवल्या. दोन्हींतून शेवटपर्यंत ढलप्याच. तू माझी चेन हातात घेतलीस, एकेका दात्यावरून अंगठ्याचं नख फिरवलंस आणि म्हणालीस, "जमलं की गं. चौकोनी बी चालती म्हणायची. आता चेनी तुज्याकडं." संध्याकाळपर्यंत पोरीनं आईला हरवलं म्हणून गल्लीभर सांगूनही आलीस. तुला फसवलं, हे तू असेपर्यंत तोंडातून निघालं नाही, आणि तू जाऊनही बारा वर्षं झाली.

परवा भर दुपारी दुकानातली वीज गेली. मागच्या खोलीत काही दिसेना, आणि दोन गिऱ्हाइकांच्या चेनी माझ्या हातात एकत्र झालेल्या. एक मी गोल कानशीनं धार लावलेली, एक बाहेरून चौकोनी धार लावून आणलेली. मी सहज नख फिरवलं. एकीला बाक, दुसरीला कोपरा. पहिल्याच दात्याला कळलं. माझ्या नखाला जे कळतं ते तुझ्या नखाला कळलं नसेल? आधी हसू फुटलं, मग रडले. तुला तेव्हाच ठाऊक होतं, आई. दोन्ही बाजूंचे दाते सारखे उतरलेत हे तू पाहिलंस आणि माझी लबाडी पोटात घातलीस.

गिऱ्हाइकं अधूनमधून चौकोनी धार मागतात. मी ऐटीत सांगते, आपल्याकडच्या लाकडाला ती चालत नाही. ते निम्मं खरं आहे. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून उरलेलं निम्मंही लिहून टाकते: मला ती अजून जमत नाही.