माझ्या मापाचे ड्रेस

३ मार्च
पुन्हा तेच! आरशात पाहिलं तर डावा खांदा आणखी उतरलेला. की मलाच तसं दिसतंय? कमरेत कळ उठली की अंग त्या बाजूला झुकतं. आता कळ नसली तरी झुकलेलंच राहतं. नवऱ्याला विचारलं, "मी वाकडी दिसते का रे?" म्हणाला, "तू मुळातच वाकडी आहेस." चेष्टा होती. मला रडूच आलं.

५ मार्च
आज कारखान्यात नवीन ड्रेसचा नमुना. माझं काम म्हणजे उभं राहणं. मास्तर नमुना माझ्या अंगावर चढवतात, टाचण्या लावतात, त्यावरून मधल्या मापाचा सगळा माल कापला जातो. "हिला बसलं की जगाला बसलं," असं मालकीणबाई मिरवायच्या. आणि आता हे अंग! कमरेसाठीच्या गोळ्यांनी सुजलेलं, एका बाजूला कललेलं.

या ड्रेसची एक बाजू चुण्यांची, म्हणून डावी-उजवी वेगळी कापायची. मास्तर पुटपुटले, "डावीकडे झोळ येतोय. आज हात बसत नाही माझा." आणि टाचण्या लावून झोळ काढून टाकला. मी सांगायला हवं होतं — मास्तर, तुमचा हात नाही, माझा खांदा! पण सांगितलं तर उद्या त्या जागी दुसरी उभी राहील. तोंडाला कुलूप.

९ मार्च
सगळा माल कापायला घेतला.

१४ मार्च
मी भाजी चिरत होते, नवऱ्यानं मागून कमरेला हात घातला. मी अंग चोरलं. "दुखतंय?" "हो." खोटं! दुखत नव्हतं. ती सूज त्याच्या हाताला लागू नये, एवढंच. तो गुपचूप बाहेर जाऊन बसला. दुखण्याचं बरं निमित्त सापडलंय मला. स्वतःचीच चीड येते.

२ एप्रिल
ड्रेस परत येताहेत. सगळ्यांची एकच तक्रार — डावा खांदा ओढतो. मालकीणबाई मास्तरांवर कडाडल्या, "डोळे फुटले का तुमचे?" मास्तर मान खाली घालून उभे. इतक्या वर्षांचा माणूस, शिकाऊ मुलासारखा! मला राहवलं नाही. "त्यांचं काही चुकलं नाही. माझा खांदा उतरलाय. मला माहीत होतं."

सगळ्यांसमोर माझ्या खांद्यांना टेप लावली. मशिनी थांबल्या, बायका बघत राहिल्या. कपडे उतरवून उभं केल्यासारखं वाटलं. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी या, मग बघू." म्हणजे काढणारच. घरी येऊन आरशावर चादर टाकली. नवऱ्यानं पाहिलं, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

७ एप्रिल
काउंटरशी एक बाई उभी. अंगात तोच ड्रेस! परत करायला आली असणार, म्हणून मी दारातच थबकले. ती मालकीणबाईंना सांगत होती, "पाठीचं दुखणं लागल्यापासून एक कपडा अंगावर धड बसत नव्हता हो. हा पहिलाच. असे आणखी आहेत?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि मला हाक मारली, "या ताई. आणि सरळ उभं राहायचं नाही हं!"